जुन्या सरकारी इमारतीत कलेची जागा करायचीय? आधी छतावर चढा

इंदूरात गांधी हॉलसमोरून गेलं की दर वेळी वाटतं, अशा वास्तूत रोज काहीतरी चालू पाहिजे. 1904 चा किंग एडवर्ड हॉल, 1948 मध्ये गांधीजींचं नाव मिळालं, आणि नुसती बाहेरून बघितली तरी छाती भरून येते. पण आपल्या मोहल्ल्यात छोट्या इमारतीही असतात, जुनं वाचनालय, बंद पडलेली शाळा, एखादी कचेरी, आणि तिथे तालीम, चित्रांचे वर्ग, भजनी मंडळ असं काही सुरू करायचं असेल तर काय करायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे मालक कोण ते शोधा, नगर निगम, पीडब्ल्यूडी की राज्य पुरातत्त्व. केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्यापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते, म्हणजे अंगणात शेड टाकायच्या आधीच विचारून घ्या. सात जण जमवून 1973 च्या मध्य प्रदेशच्या कायद्याखाली सोसायटी रजिस्टर करा, कारण अशी जागा एकट्या माणसाच्या नावावर मागू नये, त्यात पुढे भांडणंच होतात.

मग छत. रंग, दिवे, पडदे सगळं नंतर. पहिला जोराचा पाऊस पडला की कोणाला तरी घेऊन वर जा आणि पाणी कुठे साचतंय, पन्हळीत पारव्यांची घरटी अडकलीत का, भिंतीतून पिंपळ उगवलाय का ते बघा, आणि पिंपळ नुसता ओढून काढू नका, मूळ आत राहिलं की परत फुटतो.

ओल आली की ठेकेदार पहिल्यांदा सिमेंटच सांगणार. ऐकू नका. आमच्या ग्रुपने एका जुन्या हॉलमध्ये ही चूक केलीय, ओल्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं, गुळगुळीत झालं म्हणून आम्ही खूश, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर टिचकी मारली तर बद्द आवाज, मग परातीएवढा पोपडा खाली आला आणि मागची वीट बोटांनी चुरता येत होती. अजून वाईट वाटतं. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, सिमेंट ती आत कोंडतं, मग क्षार फुगून वीटच खातात. चुना, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी, हेच वापरा. जुने मिस्त्री त्यात गुळाचं पाणी, मेथी, बेलफळाचा गर घालायचे, असा एखादा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका, मजुरी थोडी जास्त पडली तरी.

आत जे काही घालाल ते उद्या काढता आलं पाहिजे, हा माझा हट्ट आहे. स्टेज लाकडी चौरंगांचं, चित्रं भिंतीत खिळे न ठोकता पट्टीवरून तारेने लटकवलेली, वायरिंग भिंत न फोडता वरून पाइपातून. वायरिंगमध्ये मात्र पैसे वाचवू नका, 1984 च्या आगीत इंदूरच्या राजवाड्याचं फार मोठं नुकसान झालं, लाकूड एकदा पेटलं की हाताशी वेळ राहत नाही. म्हणून दोन दारं कायम उघडी, आग विझवायची नळकांडी भरलेली, आणि तापणारे हॅलोजन लाकडाजवळ अजिबात नकोत. टॉयलेट बाहेर अंगणात बांधा, जुन्या भिंतीत नळ नेलात की परत ओल. रॅम्पला बारा फुटांमागे एक फूट चढ, त्याहून जास्त नको, आमच्याकडे ऐकायला येणारे निम्मे तर आजी-आजोबाच असतात.

आवाजासाठी मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. नाद रेंगाळला तर तबल्याचे बोल एकमेकांत मिसळणार आणि नाटकातलं वाक्य मागच्या रांगेला कळणारच नाही. जाड पडदे लावा, सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीला गोधड्या टांगा, पण फॉल्स सीलिंग नको, त्याच्यामागे गळती कुजत राहते आणि सुंदर तुळया दिसायच्या बंद होतात.

सगळं पूर्ण व्हायची वाट बघू नका. एक खोली कोरडी झाली की सकाळचा रियाज तिथे सुरू करा, संध्याकाळी मुलांचा चित्रांचा वर्ग. चावी चौकीदार काकांकडे, वही दाराशी, कोण कधी आलं ते लिहायला, आणि भाडं मागायला कोणी आलं की पहिल्यांदा ती वहीच दाखवा, जागा रोज लोकांच्या कामी येते हे त्यातूनच दिसतं.