रस्ता दिसतो, मग मार्ग का सापडत नाही? क्यूजीआयएसमधल्या रूटिंगची दुरुस्ती

क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर बसवले आहे, ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशाचे रस्ते उतरवले आहेत आणि प्रोसेसिंग टूलबॉक्समधला नेटवर्क ॲनालिसिसचा गट सापडला आहे, एवढे गृहीत धरते. हा लेख त्यापुढच्या कटकटीसाठी आहे. दोन टिंबे दिली, रन दाबले, आणि एक तर 'देअर इज नो रूट' असे लाल अक्षरांत आले, नाहीतर असा मार्ग आला की बघून हसावे की रडावे कळेना.

या कटकटीवर दोन ठरावीक सल्ले मिळतात. टॉलरन्स (किती अंतरातले बिंदू एकच धरायचे ती मर्यादा) वाढवा, आणि नाहीच जमले तर सगळे रस्ते प्रत्येक छेदावर तोडा. दोन्ही मी पाळले आहेत. पहिल्याने एक दुपार गेली, दुसऱ्याने दोन आठवडे.

आधी लक्षण बघा

मार्ग मिळतच नसेल तर जाळे कुठेतरी तुटले आहे. मार्ग मिळाला पण भलताच वळसा घालून आला, तर एखादा दुवा तुटला आहे किंवा एकेरी रस्त्याची दिशा उलटी वाचली गेली आहे. पणजी-मडगाव मार्ग फोंडा-बोरी करून आला, तर गोंधळ सरळ वाटेवरच्या झुआरी नदीच्या पुलावर आहे हे गोव्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तिसरे लक्षण म्हणजे अशक्य जवळची वाट. मला धास्ती याचीच वाटते, कारण लाल अक्षर कुठेच येत नाही, अंतराचा आकडाही छान कमी दिसतो, आणि नकाशा छापून हातात पडेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

टॉलरन्सला हात लावण्याआधी

लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर या मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीत, नव्याने सेव्ह करा. सगळा गोवा याच पट्ट्यात बसतो. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा अक्षांश-रेखांशांत येतो आणि तिथे टॉलरन्सचे एकक अंश असते. 'एक मीटर चालेल' म्हणून त्या चौकटीत १ टाकला, की तुम्ही १११ किलोमीटर टाकलेले असतात. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबीच सुमारे १०५ किलोमीटर आहे. सगळे राज्य एका मुठीत गोळा होते आणि मार्ग शून्य मीटरचा निघतो.

मीटरमध्ये आलात तरी १०-१५ मीटरचा टॉलरन्स देऊ नका. तेवढ्या अंतरातले सगळे व्हर्टेक्स, म्हणजे रेषा ज्या बिंदूंनी बनते ते बिंदू, एकच समजले जातात. महामार्गाच्या दोन्ही बाजू चिकटतात, सर्व्हिस रोड महामार्गाला चिकटतो, शेजारून जाणारे दोन पूल एकमेकांना चिकटतात. टॉलरन्स असतो तो संगणकाच्या दशांशातली धूळ झटकायला, रेषेतली फट बुजवायला नव्हे. मी ०.०१ मीटरच्या वर जात नाही.

जाळे खरेच जोडलेले आहे का

खरी गोम इथे आहे, आणि मला ती कळायला फार वेळ लागला.

क्यूजीआयएसला रेषा दिसत नाहीत, रेषेवरचे व्हर्टेक्स दिसतात. दोन रस्त्यांचा एक व्हर्टेक्स अगदी त्याच जागी असेल तर ते जोडलेले. पडद्यावर एकमेकांना ओलांडत असतील पण सामाईक व्हर्टेक्स नसेल, तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. हाताने काढलेल्या नकाशांत सर्वांत जास्त चूक होते ती गल्लीच्या तोंडाशी. गल्लीचे टोक मुख्य रस्त्यावर नेमके टेकलेले दिसते, पण मुख्य रस्त्यावर त्या जागी व्हर्टेक्सच नसतो. कितीही झूम करा, डोळ्यांना काही दिसणार नाही. म्हणून डोळ्यांनी शोधत बसू नका.

मी हे करते. सर्व्हिस एरिया (फ्रॉम पॉइंट) उघडायचे, पणजीच्या एखाद्या मोठ्या रस्त्यावर टिंब द्यायचे, प्रकार शॉर्टेस्ट ठेवायचा आणि ट्रॅव्हल कॉस्टमध्ये ५००००० टाकायचे. पाचशे किलोमीटरमध्ये गोव्यातला कुठलाही जोडलेला रस्ता येतोच. दिशेचा आणि वेगाचा कॉलम मुद्दाम रिकामा ठेवायचा, कारण सध्या प्रश्न फक्त जोडणीचा आहे. आलेला निकाल जाड करड्या रंगात वर, मूळ रस्ते लाल रंगात खाली. जे लाल उरले ते बेट. सुटी तुटकी टोके टोपॉलॉजी चेकर दाखवतो, पण गोव्याच्या वाड्या-वाड्यांत शेकडो रस्ते खरोखरच घराच्या अंगणात संपतात. ती सगळी टोके तपासत बसलात तर चतुर्थी येईल. बेटे मोजकी असतात.

मग प्रत्येक बेट का आहे ते बघायचे. दिवाडी लाल दिसली तर घाबरू नका, ती बेटच आहे. तिथे पूल नाही, फेरीबोटीनेच जावे लागते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कुठलाही रस्ता, गल्लीसुद्धा, 'हायवे' या टॅगखाली असतो. फेरीबोटीची रेषा तशी नसते, 'रूट' या टॅगखाली 'फेरी' म्हणून असते. त्यामुळे फक्त हायवे मागवले की फेऱ्या मागेच राहतात. त्या वेगळ्या मागवून रस्त्यांत मर्ज करा आणि धक्क्यावरचे टोक रस्त्याच्या व्हर्टेक्सला बसले आहे ना ते बघा. राज्याच्या सीमेला चिकटून लाल तुकडे उरले असतील, तर तुम्ही डेटा नेमका सीमेवर कापला आहे. दोडामार्गाकडून फिरून पुन्हा गोव्यात येणाऱ्या वाटा त्यात तुटतात. कापायचेच तर सीमेबाहेर दहा किलोमीटर सोडून कापा.

राहिलेल्या खऱ्या फटी. त्या हाताने जोडायच्या. स्नॅपिंग चालू, टोपॉलॉजिकल एडिटिंग चालू, व्हर्टेक्स टूलने टोक उचलून रस्त्यावर ठेवायचे. टोपॉलॉजिकल एडिटिंग चालू असेल तर समोरच्या रस्त्यावरही व्हर्टेक्स पडतो, आणि बंद असेल तर तुमची सगळी मेहनत वाया. फटी शेकड्यांनी असतील तर स्नॅप जिऑमेट्रीज टू लेयर वापरा, पण लेयरच्या प्रतीवर आणि अर्ध्या मीटरच्या आत.

तोडणे: इथे मी फसले

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या बालरथाचे, म्हणजे मुलांच्या बसचे, फेरे आखून द्यायचे काम घेतले होते. रस्त्यांच्या रेषा कोणीतरी हाताने काढलेल्या होत्या, सामाईक व्हर्टेक्स जवळजवळ नव्हतेच. सल्ला वाचला होता, तो पाळला. स्प्लिट विथ लाइन्स उघडले, सगळे रस्ते सगळ्या रस्त्यांनी तोडले. बेटे गायब झाली, मार्ग सुरळीत निघू लागले, मी खूश. पर्वरीच्या मुलांचा पणजीचा फेरा तर आधीपेक्षा चांगला दीड किलोमीटरने कमी झाला. ड्रायव्हरने छापील कागद बघितला, अटल सेतूवर बोट ठेवले आणि मला विचारले, "सायबा, हांगा गाडयेन उडी मारपाची?"

अटल सेतू हा मांडवीवरचा तिसरा पूल. जानेवारी २०१९ मध्ये तो खुला झाला. पाच किलोमीटरच्या आसपासचा हा पूल पणजीच्या बाजूला खालच्या रस्त्यांच्या डोक्यावरून जातो. तोडणाऱ्या टूलला उंची कळत नाही. कागदावर दोन रेषा एकमेकांना छेदतात, म्हणून त्याने तिथे दोन्ही तोडल्या आणि दोन्हींना व्हर्टेक्स दिला. माझ्या नकाशात बालरथ सेतूवरून थेट खालच्या रस्त्यावर उतरत होता. त्यानंतर मी सगळ्या गोव्यातले असले छेद शोधत बसले. दोन आठवडे म्हणाले ते हेच.

आता माझा नियम सरळ आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा ताजा डेटा असेल आणि काम क्यूजीआयएसच्या स्वतःच्या टूलमध्ये असेल, तर काहीही तोडायचे नाही. तिथे एका पातळीवर मिळणाऱ्या रस्त्यांना सामाईक नोड (व्हर्टेक्सचे तिथले नाव) द्यायचा आणि पुलाला खालच्या रस्त्याशी द्यायचा नाही, हा नकाशा काढणाऱ्यांचा रिवाजच आहे. क्यूजीआयएस रेषेच्या मधल्या व्हर्टेक्सवरही जोडणी धरते. म्हणजे जाळे तयारच आहे, तोडून तुम्ही ते बिघडवता. पीजीराउटिंग आणि ग्रास या मार्ग काढणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. त्यांना जोडणी रेषेच्या टोकांवरच लागते, त्यामुळे तिथे तोडावे लागते, पण सामाईक नोडवर. प्रत्येक छेदावर नव्हे.

रेषा हाताने काढलेल्या असतील आणि तोडणे टळतच नसेल, तर आधी पूल आणि बोगदे वेगळ्या लेयरमध्ये काढून ठेवा. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर मिळणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपच्या तयार फाइलमध्ये ब्रिज, टनेल आणि लेयर असे कॉलम असतात. हाताच्या नकाशात ते नसतील तर बसून भरा, गोव्यात उड्डाणपूल बोटांवर मोजण्याइतके नसले तरी एका संध्याकाळी भरून होतात. उरलेले जमिनीवरचे रस्ते एकमेकांनी तोडा आणि मग पूल परत मर्ज करा. पुलाची टोके जमिनीच्या रस्त्याला मिळतात ना, आणि रॅम्प पुलाला वरच मिळतो तिथला सांधा बसला आहे ना, हे हाताने बघा. तोडल्यावर दोन तुकड्यांची टोके दशांशाच्या अगदी शेवटच्या घरांत वेगळी निघू शकतात. ०.०१ चा टॉलरन्स लागतो तो यासाठी.

एकेरी रस्ते

जिओफॅब्रिकची फाइल वापरत असाल तर या एका वाक्यासाठी तरी लेख वाचल्याचे सार्थक होईल: वनवे कॉलममधला एफ म्हणजे फॉल्स नव्हे. ब्रिज कॉलममध्ये टी म्हणजे ट्रू आणि एफ म्हणजे फॉल्स, पण वनवेमध्ये एफ म्हणजे रेषा काढली त्या दिशेने एकेरी, टी म्हणजे त्याच्या उलट दिशेने एकेरी, आणि बी म्हणजे दुतर्फा. एकाच फाइलमध्ये दोन अर्थ. तेव्हा फॉरवर्डला एफ, बॅकवर्डला टी, बोथला बी, आणि डिफॉल्ट बोथ डायरेक्शन्स. थेट ओपनस्ट्रीटमॅपमधून मागवलेल्या डेटात 'यस', 'नो' आणि क्वचित उणे १ असतो. तिथे सर्कलच्या रेषांवर वनवे बहुधा लिहिलेलेच नसते, कारण राउंडअबाउट म्हटले की एकेरी हे गृहीत असते. ते क्यूजीआयएसला ठाऊक नाही. स्वतः भरा, नाहीतर गाडी सर्कलला उलटी फिरेल.

उजवीकडे वळण्यास मनाई असले प्रकार ही टूल मुळीच पाळत नाहीत. ते हवे असेल तर ओएसआरएम किंवा व्हॅल्हाला या खास मार्ग काढण्याच्या सॉफ्टवेअरकडे जा. क्यूजीआयएसशी भांडू नका.

वेग आणि वेळ

डिफॉल्ट ५० ठेवलात तर अनमोड घाट आणि महामार्ग एकाच वेगाचे होतात. मॅक्सस्पीड कॉलमवर विसंबू नका, तो बराचसा रिकामा असतो. रस्त्याच्या प्रकारावरून स्वतःचा वेगाचा कॉलम करा आणि घाटांना वेगळा, कमी आकडा द्या. फेरीबोटीला वेग देताना धक्क्यावरची वाट बघणेही धरा. अर्ध्या किलोमीटरची रेषा आणि थांबण्यासकट पाव तास, म्हणजे ताशी २.

फास्टेस्टमध्ये ट्रॅव्हल कॉस्ट तासांत असते. पंधरा मिनिटांच्या टापूसाठी ०.२५ लिहायचे. १५ लिहिलेत तर पंधरा तासांत गाडी कुठवर जाते ते दिसेल, आणि आरोग्यकेंद्राची सेवा सगळ्या गोव्याला पुरते असा आनंददायी नकाशा तयार होईल.

गाडी कोणती हेही ठरवा. अटल सेतूवर दुचाकी-तिचाकीला मनाई आहे, तेव्हा पायलटांचे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांचे, मार्ग काढत असाल तर सेतू जाळ्यातून उचलून बाजूला ठेवा.

टिंब कुठे चिकटते

सुरुवातीचे टिंब सर्वांत जवळच्या रेषेला चिकटते, मग ती इस्पितळाच्या आवारातली पायवाट का असेना. पायवाटा आणि पायऱ्या आधीच गाळा.

चाचणी

ज्यांचे उत्तर तोंडपाठ आहे अशा चार-पाच जोड्या एका टिंबांच्या लेयरमध्ये कायमच्या ठेवा. माझ्याकडे पर्वरी-पणजी आहे सेतूसाठी, पणजी-मडगाव झुआरीसाठी, जुने गोवे-दिवाडी फेरीसाठी, साखळी-चोर्ला घाटाच्या वेगासाठी. प्रत्येक जोडी जाताना आणि येताना, दोन्हीकडून चालवा. एकेरीची चूक एका बाजूने दिसत नाही. डेटा नवा उतरवला की याच जोड्या पुन्हा चालवायच्या. झुआरीच्या नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, दुसरा वर्षभराने, आणि त्या मधल्या काळातली माझी एक फाइल अजूनही मडगावहून येणारी प्रत्येक गाडी जुन्या पुलावर घालते.