पार्लरमधल्या पोरींनो, या चुका टाळा

नागपुरात पार्लर चालवून मला अठरा वर्षं झाली, दर सीझनला नव्या पोरी शिकायला येतात आणि सगळ्या त्याच चुका करून राहिल्या म्हणून आता लिहूनच टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दार लावून, एसी सुरू करून केराटिन करणं, म्हणजे केसांना क्रीम लावून गरम स्ट्रेटनरनं ते सरळ करणं. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, कस्टमर म्हणते दार लावा, आपण लावतो. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच थंड करून फिरवत राहतो, म्हणजे स्ट्रेटनर फिरवताना निघालेला धूर तिथंच. कस्टमर तीन तासांनी घरी जाते, आपली पोरगी दिवसभर त्यातच उभी.

माझ्याकडेच झालंय हे. लग्नसराई होती, रोज दोन-तीन केराटिन. हेल्पर पोरगी संध्याकाळी डोळे चोळत, खोकत, डोकं धरून बसायची. मी म्हटलं ऊन लागलं असेल, कैरीचं पन्हं पाजलं, पर्समध्ये कांदा ठेव म्हटलं. दोन आठवडे हेच चाललं. मग लक्षात आलं की सोमवारी सुट्टीला ती एकदम बरी असते, आणि ऊन तर सोमवारीही तेवढंच. तेव्हा कुठे मी बाटली उलटून पाहिली. समोर मोठ्या अक्षरात 'फॉर्मल्डिहाइड फ्री', मागे बारीक अक्षरात मिथिलीन ग्लायकॉल. अगं, हेच गरम झालं की फॉर्मल्डिहाइड नावाचा विषारी गॅस सोडतं! आणि त्यानं माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच सांगितलंय. त्या पोरीला आता जरा वास आला तरी दम लागतो, आणि मी पन्हं पाजत बसले होते याचं मला आजही वाईट वाटतं.

आता माझ्याकडे केराटिनच्या वेळी दार उघडं, एक्झॉस्ट खुर्चीच्या बाजूला खाली लावलाय, कारण छताजवळ लावला तर धूर पोरीच्या तोंडावरूनच वर जातो. खिडकीतला कुलर चालतो, तो निदान बाहेरची हवा आत ढकलतो. कस्टमर कुरकुरली तर कुरकुरू दे. एका पोरीला दिवसात एकच केराटिन, घाईच्या पोरींना हे पटत नाही, कमिशन जातं ना.

दुसरं, तो निळा सर्जिकल मास्क. तो थेंब अडवतो, गॅस नाही. गॅससाठी कार्ट्रिजवाला मास्क येतो, तोही फॉर्मल्डिहाइडसाठी चालतो का ते बघून घ्यायचा.

डाय लावताना ग्लोव्हज घालाच, हात काळे होण्यापेक्षा डायमधल्या पीपीडी या केमिकलची ॲलर्जी वाईट, एकदा लागली की जन्मभर सुटत नाही.

जेवणाचा डबा डाय-क्रीम मिक्स करायच्या ट्रॉलीवर उघडू नका.

बाथरूममध्ये ॲसिड आणि साफसफाईचं ब्लीच एकत्र टाकू नका, क्लोरीन गॅस होतो. साफसफाईच्या मावशींनाही हे सांगा, त्यांना कोणीच सांगत नाही.

डॉक्टरकडे गेलात तर आपलं काम काय ते आधी सांगा, मोबाइलमध्ये बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो ठेवा, नाहीतर खोकल्याचं औषध घेऊन परत त्याच खोलीत याल.

आणि दिवस राहिले तर लपवू नका गं. पगार कापतील म्हणून पोरी चौथ्या महिन्यापर्यंत बोलत नाहीत आणि तोवर धुरात उभ्या राहतात, जेव्हा की पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. माझ्याकडे जी सांगते तिला मी काउंटर आणि थ्रेडिंगवर ठेवते, पगार तोच.