वेष बदलून घुसणाऱ्या पोलिसांच्या कॉमेडीचा दुसरा भाग थिएटरात कसा बघायचा

सगळ्यात आधी पहिला भाग बघून घ्या, आणि दोन-तीन दिवस आधीच बघा, त्याच दुपारी नको, नाहीतर थिएटरात पोहोचेपर्यंत हसायची ताकद संपलेली असते. ह्या प्रकारच्या सिनेमांचे अर्धे विनोद मागच्या भागाच्या आठवणीवर उभे असतात. '२२ जंप स्ट्रीट'च घ्या, २०१४ चा. त्याच्या आधीच्या म्हणजे २०१२ च्या भागात दोन तरुण पोलीस ड्रगवाले शोधायला शाळेत विद्यार्थी बनून घुसतात, आणि दुसऱ्यात तेच दोघं कॉलेजात, तेच काम, वरून साहेब लोक सरळ सांगतात की मागच्या वेळी केलं तस्संच करा. पहिल्या वेळी ह्या पोलिसांचा अड्डा एका कोरियन चर्चमध्ये असतो, दुसऱ्या वेळी समोरच्या व्हिएतनामी चर्चमध्ये. आता ज्यानं पहिला पाहिलाच नाही त्याला ह्यात काय आहे ते कळतच नाही, बाजूचे पोट्टे लोळून राहिले असतात आणि हा विचारत बसतो काय झालं काय झालं.

शो कोणता घ्यायचा हे तितकंच महत्त्वाचं आहे आणि इथं माझं मत पक्कं आहे, भरलेला शो घ्या. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार, रविवार. मंगळवारी सकाळी स्वस्तात मिळते म्हणून रिकाम्या हॉलमध्ये जाऊ नका. कॉमेडीचं एडिटिंग करताना मोठ्या विनोदानंतर मुद्दाम थोडी जागा सोडतात, लोक हसतील आणि पुढचा डायलॉग बुडू नये म्हणून. हॉलमध्ये आठ माणसं असली की तीच जागा खायला उठते, सिनेमा ढिला वाटतो, आणि मग लोक घरी येऊन सांगतात बकवास होता. पिक्चर तोच असतो भाऊ, माणसं कमी होती.

नागपुरात अजून एक भानगड म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला, नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस लागले, की दुपारच्या शोला बरीच जनता फक्त एसीसाठी येते, जेवण करून येते आणि मस्त झोपते. त्यांचं काही चुकत नाही, पण तुम्हाला हसायचं असेल तर सहा-सातचा शो बघा. बर्डीला म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जात असाल तर मेट्रोनं जा, तिथल्या इंटरचेंज स्टेशनला उतरलं की पुढे चालत जाता येते आणि व्हेरायटी चौकात गाडी कुठं लावू हा ताप राहत नाही. रात्री उशिराच्या शोला मात्र गाडी न्या, सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते.

सीट मधली आणि थोडी मागची घ्या. समोर बसलेल्यांचं हसू मागे येतं ना, ते अंगावर घ्यायचं असते. चार-सहा जणांत जा, आणि त्यात एक तरी असा पाहिजे जो मोठ्यानं हसतो. सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघून घ्या, कारण अशा इंग्रजी कॉमेड्यांत शिवीगाळ आणि चावट गोष्टी भरपूर असतात. आता यूए मध्येही ७+, १३+, १६+ असे तीन प्रकार आहेत, आणि ए असेल तर अठराच्या आतल्या पोट्ट्यांना घेऊन जाऊच नका, गेटवरून परत यावं लागते. हिंदी डबिंग की इंग्रजी, तर ज्यात ग्रुपमधला सगळ्यात कमी इंग्रजी येणारा माणूस हसेल ते घ्या.

आता बघायचं कसं. लॉजिक सोडा असं सगळे सांगतात, मी म्हणतो लॉजिक सोडू नका, फक्त दुसरीकडे लावा. हा एवढा मोठा माणूस विद्यार्थी कसा काय वाटेल, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत संपवून टाका. त्याच्याऐवजी हिशोब ठेवा की ह्या घडीला कोणाला खरं माहीत आहे आणि कोणाला नाही. सगळी गंमत तिथंच असते. आपल्याला माहीत, समोरच्याला माहीत नाही, आणि खोलीत अजून एक जण आहे ज्याला संशय यायला लागला आहे. 'अशी ही बनवाबनवी' आठवा, १९८८ चा, अजून टीव्हीवर लागला की आपण हातातलं काम ठेवून बसतो. घरमालकीणबाईंसमोर सुधा आणि पार्वती उभ्या आहेत, आपला जीव वर-खाली होऊन राहिला आहे, आणि त्या बाईंना काही पत्ता नाही. हसू साडीचं कमी येते, पकडले जातील ह्या भीतीचं जास्त येते. 'मोरूची मावशी'त विजय चव्हाण मावशी व्हायचे तेव्हाही तेच, अत्र्यांचं नाटक, मूळ इंग्रजी नाटक १८९२ चं, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वर ही युक्ती चालूनच राहिली आहे.

म्हणून नजर वेष घेतलेल्या माणसावर कमी आणि बाजूच्यांवर जास्त ठेवा. कोण काहून थांबला, कोणी भुवई वर केली. आणि चाल बघा. चांगला नट आवाज बदलतो, त्याहून चांगला नट चाल बदलतो, आणि गडबडीत त्याची खरी चाल बाहेर येते तिथं हॉल फुटतो.

इंटर्व्हलचं एक सांगतो. इंग्रजी सिनेमात इंटर्व्हल लिहिलेलाच नसतो, आपल्याकडे थिएटरवाले मधे कुठंतरी कापतात, त्यामुळे कधी कधी ऐन पकडापकडीच्या सीनमध्ये लाइट लागतात. पॉपकॉर्नच्या लाइनसाठी पाच मिनिटं आधी उठणारे नेमका तोच सीन घालवतात. लाइट लागेपर्यंत बसून राहा, आणि परत वेळेवर या.

दुसरा भाग पहिल्यासारखाच आहे ही तक्रार घेऊन जाऊ नका. तो तसाच असणार, लोकांना तेच पाहिजे असते. बघायचं हे की तीच गोष्ट करताना त्यांनी काय फिरवलं. मागच्या वेळी जो हिरो होता तो आता बाजूला पडला का, दोघांच्या दोस्तीत कोण रुसलं, मागचा व्हिलन जेलमधून परत आला तर त्याचा वापर नीट केला का. नुसता मोठा स्फोट आणि मोठी गाडी आणली असेल तर सिनेमा पडला असं बिनधास्त म्हणा.

आणि शेवटी नावांच्या पाट्या सुरू झाल्या की उठू नका. '२२ जंप स्ट्रीट'च्या शेवटी पुढच्या भागांचे खोटे खोटे पोस्टर आणि तुकडे एकामागून एक येतात, हे दोघं कधी मेडिकल स्कूलमध्ये तर कधी अजून कुठं, आणि अर्धा हॉल तोवर पार्किंगमध्ये गाडी काढून राहिला असतो. सफाईवाले झाडू घेऊन आत आले तरी चालते, पाय वर घ्या आणि बघा.