पंपावर जाण्याआधी एसीटी: हार्ट-लंग मशीन (पंप) चालवणाऱ्या नव्या पर्फ्युजनिस्टसाठी

बडोद्यात आमच्या थिएटरमध्ये गुजराती, मराठी, हिंदी सगळं एकदम चालतं. पण एसीटीचा (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते सांगणाऱ्या चाचणीचा) आकडा मी मोठ्याने आणि इंग्रजीतच सांगते, भूलतज्ज्ञ तो परत उच्चारेपर्यंत.

हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देण्याआधी बेसलाइन, म्हणजे मूळ एसीटी, घे. मग किलोमागे 300 ते 400 युनिट हेपारिन, आणि 3 ते 5 मिनिटांनी दुसरा नमुना. आर्टेरियल लाइनमधून (धमनीतल्या नळीतून) घेत असशील तर आधीचं रक्त बाजूला काढ, नाहीतर फ्लशमधलं (नळी मोकळी ठेवणाऱ्या द्रावातलं) हेपारिन आकडा फुगवतं. 480 सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू नाही, सर्जन कितीही घाई करोत. (काही ठिकाणी 400 चालतं. मला नाही चालत.)

आकडा चढतच नसेल तर आधी हेपारिन खरंच शिरेत गेलं का ते बघ, मगच अँटीथ्रॉम्बिन (ज्याच्यामार्फत हेपारिन काम करतं ते रक्तातलं प्रथिन) कमी असल्याची शंका घे. आधीचे काही दिवस हेपारिनवर असलेल्या पेशंटमध्ये हे होतं.

पुढे दर अर्ध्या तासाने तपास. पेशंट थंड केलेला आणि रक्त पातळ झालेलं असताना एसीटी हेपारिनशिवायही लांबतो, म्हणून 600 बघून खूश होऊ नकोस; गरम करायला घेतलं की लवकर तपास.

प्रोटामिन (हेपारिनचा परिणाम उलटवणारं औषध) सुरू झालं की पंप सकर (सांडलेलं रक्त ओढून पंपात परत नेणारी नळी) बंद. संपल्यावर पुन्हा एसीटी, बेसलाइनशी ताडून.