परग्रहावरचा सीमावाद कसा बघावा

विज्ञानमालिकेत दोन ग्रह जमिनीवरून भांडायला लागले की आपण लगेच जोड्या लावायला बसतो. मीही तेच केलं. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ (१९९३–९९) बघायला घेतली तेव्हा वहीत दोन रकाने आखले. कार्डेशियन लोकांनी बजोर हा ग्रह पन्नासेक वर्षं दाबून ठेवलेला. छळछावण्या, लूट, सगळं. भाचा म्हणाला, बजोर म्हणजे पोलंड. मी म्हटलं, पॅलेस्टाइन. चहा गार झाला. पुढे वाचनात आलं की खुद्द निर्माते रिक बर्मन यांनी बजोरच्या लोकांबद्दल बोलताना कुर्द, पॅलेस्टिनी, १९४०च्या दशकातले ज्यू आणि हैतीहून बोटींतून पळालेले निर्वासित अशी नावं एका दमात घेतली होती. मग रकानेच बदलले.

आता पहिला रकाना नावांचा. त्या मालिकेतलं अंतराळस्थानक कार्डेशियनांनी बांधलेलं, त्यांच्या लेखी ते ‘टेरॉक नॉर’. ‘डीप स्पेस नाइन’ हे नाव तिसऱ्याच पक्षाचं, कारभार बघायला आलेल्या फेडरेशनचं, म्हणजे पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहसंघाचं. कोण कुठलं नाव घेतो ते टिपून ठेवा. मी बेळगावची. २०१४पासून कागदोपत्री बेळगावी. फोनवरचा माणूस यातलं काय म्हणतो, त्यावरून पुढचं बोलणं किती जपून करायचं हे आमच्या घरी शेंबड्या पोरालाही कळतं. उत्तर आयर्लंडमध्ये एकाच शहराला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, तीच गत.

दुसरं, तहावर सही कुणी केली आणि घर कुणाचं गेलं ते बघा. यासाठी १९९४चे ‘द माकी’ हे दोन भाग. फेडरेशन आणि कार्डेशियन नवी सीमा आखतात, काही वसाहती पलीकडे जातात, आणि तिथले लोक हलायला नकार देऊन शस्त्र उचलतात. त्यांचं नाव दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेंच बंडखोरांवरून घेतलंय. सिस्को हा फेडरेशनचाच अधिकारी वैतागून म्हणतो की पृथ्वीच्या नंदनवनात बसून संत होणं सोपं असतं. तिथे थांबवून पुन्हा ऐका.

तिसरं, लेखकाने आपल्याला कुठल्या खुर्चीत बसवलंय? ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा तिसरा सीझन २००६मध्ये आला. अमेरिकेचं सैन्य तेव्हा इराकमध्ये होतं. पडद्यावर मात्र माणसं परक्यांच्या ताब्यात, त्यांच्यातलेच काही परक्यांचे पोलीस झालेले, आणि आपला माणूस अंगाला बॉम्ब बांधून पोलिसांच्या समारंभात शिरतो. अमेरिकी प्रेक्षकाला उलट्या बाजूला बसवण्याची ही हिंमत मला बाकी सगळ्या मालिकांहून मोठी वाटते.

चौथं, रूपक कुठे फसतं ते. बजोरच्या माणसाच्या नाकावर वळ्या, कार्डेशियनाच्या मानेवर कंगोरे. पन्नास पावलांवरून बाजू कळते. खऱ्या सीमेवर असं कुठे असतं? तिथे आडनाव विचारतात, गाव विचारतात, दोन वाक्यं बोलायला लावतात. मालिकेलाही हे खुपलं असावं, कारण पुढे झियाल येते: बाप कार्डेशियन, आई बजोरची, चेहऱ्यावर दोन्ही खुणा, आणि दोन्हीकडे परकी.

रूपकात खऱ्या जागेचं नाव चुकून आलं तर काय होतं तेही बघायचंय? ‘स्टार ट्रेक’च्याच ‘नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या १९९०च्या ‘द हाय ग्राउंड’ भागात डेटा हा यंत्रमानव सहज बोलून जातो की हिंसेच्या जोरावर २०२४ साली आयर्लंड एक झालं. एवढ्या एका वाक्यापायी बीबीसीने तो भाग कित्येक वर्षं दाखवला नाही.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर ‘डीप स्पेस नाइन’च्या पहिल्या सीझनमधल्या ‘ड्युएट’पासून. बहुतेक वेळ एक कोठडी, गजांबाहेर बजोरची माजी बंडखोर कीरा, आत एक कार्डेशियन. छावणीत तो नेमकं काय काम करायचा, एवढाच प्रश्न. आधीचं काही बघितलेलं नसलं तरी चालतं. वही मात्र त्या दिवशी मिटूनच ठेवा.