आयरिस रेटिक्युलाटा (कंदापासून येणारं बुटकं फुलझाड) दुसऱ्या वर्षी फुललंच नाही, मग मी काय केलं

आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो, मागच्या अंगणातली माती चिकण, पाऊस झाला की कितीतरी दिवस ओलीच. कंद लावल्यावर पहिल्या फेब्रुवारीत वीतभरही नाहीत अशी गर्द जांभळी फुलं आली, पाकळीवर पिवळा पट्टा, इतकी गोड दिसतात ना! पुढच्या वर्षी नुसती गवतासारखी पानं. उकरून बघितलं तर एकेका कंदाचे तांदळाएवढे बारके कंद झालेले.

हे मूळचं तुर्कस्तान, कॉकेशस, इराणच्या डोंगरातलं, वसंतात बर्फाचं पाणी मिळतं आणि उन्हाळाभर जमीन कोरडी ठणठणीत. मी मात्र जेमतेम ५ सेंमी खोल लावलेले, वरून उन्हाळ्यात पाणी पण घालत होते.

मग सप्टेंबरमध्ये उंच वाफा केला, निम्मी माती निम्मी बारीक खडी, आणि नवे कंद चांगले १५ सेंमी खोल घातले, खोल असले की त्यांचे असे बारके कंद कमी होतात. फुलं गेल्यावर पानं कापली नाहीत, पिवळी पडेपर्यंत दर १५ दिवसांनी टोमॅटोचं खत दिलं, त्यात पोटॅश जास्त असतं. नंतर पाणी बंद.

यंदा दुसरं वर्ष, २० पैकी १४ फुलले! बारक्यांना अजून पानंच आहेत, त्यांना वेळ देतेय.