सप्टेंबरमधलं बेसबॉल: प्लेऑफची शर्यत कशी पाहावी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सप्टेंबरात शिरतो तेव्हा प्रत्येक संघाचे १६२ पैकी साधारण २५ सामने उरलेले असतात. ज्याने बेसबॉल कधीच पाहिलं नाही त्याने ते इथूनच बघायला घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. एप्रिलमधला एक पराभव कुणाच्या लक्षातही राहत नाही, पण सप्टेंबरात प्रत्येक पराभवाची नोंद पुसता न येणारी वाटते.

१. कोण कुणाशी झगडतंय ते आधी बघा

एकूण ३० संघ. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांच्या तीन डिव्हिजन. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि उरलेल्यांतले तीन सर्वोत्तम, म्हणजे वाइल्ड कार्ड. पहिल्या दोन डिव्हिजन विजेत्यांना पहिली फेरी खेळावीच लागत नाही. म्हणून वर निवांत दिसणारे संघही त्या सवलतीसाठी धडपडत असतात. एक डिव्हिजन आणि एका लीगची वाइल्ड कार्ड शर्यत निवडा. सगळंच धरायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

२. तक्त्यात पराभवांचा रकाना वाचा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सवय ही. तक्त्यात ‘जीबी’ नावाचा रकाना असतो. आघाडीच्या संघापेक्षा आपण किती सामने मागे आहोत ते तो सांगतो. दोन संघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून निम्मी केली की हा आकडा येतो. आयपीएलसारखे गुण नाहीत, नेट रनरेटची भानगडही नाही.

पण सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात. समजा एका संघाचे ८२ विजय, ६६ पराभव. दुसऱ्याचे ८३ विजय, ६७ पराभव. जीबीच्या हिशेबात दोघे बरोबरीत. तरी पहिला संघ उरलेले सगळे जिंकला तर ९६ वर पोहोचतो, दुसरा फार तर ९५ वर. विजय अजून मिळवता येतात, झालेला पराभव मात्र परत घेता येत नाही. जुने चाहते आधी पराभव मोजतात ते यासाठीच.

३. बरोबरी झाली तर कोण पुढे, हे आधीच शोधून ठेवा

पूर्वी बरोबरी झाली की १६३ वा सामना खेळवत. २०२२ पासून तो बंद झाला. आता आधी त्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल बघतात, तोही सारखा असेल तर आपापल्या डिव्हिजनमधली कामगिरी. मला तो जादा सामना अजून हवासा वाटतो, पण नियम हा आहे आणि तो अनेकांना भोवला आहे.

२०२५ मध्ये जूनच्या मध्याला न्यूयॉर्क मेट्सचे ४५ विजय आणि २४ पराभव होते. हंगाम संपला तेव्हा ते ८३-७९, आणि सिनसिनाटी रेड्सही ८३-७९. आपसातल्या सामन्यांत रेड्स सरस, म्हणून रेड्स आत आणि मेट्स बाहेर. त्याच वर्षी टोरंटो ब्लू जेज आणि न्यूयॉर्क यँकीज दोघेही ९४-६८ वर थांबले आणि डिव्हिजन याच नियमाने टोरंटोला मिळाली.

४. मॅजिक नंबर स्वतः काढा

आघाडीच्या संघाचे विजय आणि मागच्याचे पराभव मिळून अजून किती झाले की जागा पक्की, तो आकडा म्हणजे मॅजिक नंबर. १६३ मधून आघाडीच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करा. आघाडीवाल्याचे ८८ विजय आणि मागच्याचे ६६ पराभव असतील तर उत्तर ९. आघाडीवाला जिंकला की एक कमी, मागचा हरला तरी एक कमी. शून्य झालं की जागा पक्की. आपसातल्या सामन्यांत आघाडीवालाच सरस असेल तर सरळ ८ धरा.

आकडा लहान दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, आणि मोठा दिसला म्हणून सोडूनही देऊ नका. २०२५ मध्ये क्लीव्हलंड गार्डियन्स जुलैत साडेपंधरा सामने मागे होते. शेवटी डेट्रॉइट टायगर्सना एका विजयाने मागे टाकून डिव्हिजन त्यांनीच जिंकली.

५. रोजची सवय

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारा सामना भारतात पहाटे ४.३५ ला लागतो. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने सकाळी पावणेआठच्या आसपास, चहाबरोबर बघण्यासारखे. सगळं बघायची गरज नाही. लीगच्या अधिकृत अॅपवर धावफलक आणि त्या दिवशी कोणता पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) सुरुवात करणार ते दिसतं. मुख्य पिचर सहसा चार-पाच दिवसांनीच परत टाकतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात त्याची पाळी कधी येते ते नक्की बघा. आणि शर्यतीतले दोन संघ समोरासमोर असतील तो सामना चुकवू नका: एरवी एका निकालाने अर्ध्या सामन्याचा फरक पडतो, इथे पूर्ण एकाचा.

६. शेवटचा दिवस

शेवटच्या रविवारी जवळजवळ सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, भारतात मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास. एक सामना पडद्यावर, बाकीचे धावफलकावर ठेवा. २८ सप्टेंबर २०११ च्या रात्री बॉस्टन रेड सॉक्स बाल्टिमोरमध्ये नवव्या, म्हणजे बरोबरी नसेल तर शेवटच्या, इनिंगमध्ये विजयापासून एक बाद दूर असताना हरले. काही मिनिटांतच टँपा बे रेजच्या इव्हान लाँगोरियाने बाराव्या इनिंगमध्ये होम रन (बेसबॉलमधला षटकारच म्हणा) मारून यँकीजना ८-७ ने हरवलं, आणि वाइल्ड कार्ड बॉस्टनच्या हातातून रेजकडे गेलं. त्याच सामन्यात रेज ०-७ ने मागे होते.

कधी रविवारीही निकाल लागत नाही. २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळामुळे मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्जचे सामने लांबले आणि सोमवारी एकाच दिवशी दोन खेळावे लागले. कुणी एक संघ दोन्ही जिंकला असता तर अॅरिझोना डायमंडबॅक्स आत आले असते. पण दोघांनी एकेक जिंकला, तिघेही ८९-७३ वर आले आणि आपसातल्या सामन्यांच्या नियमाने अॅरिझोना बाहेर राहिलं. मेट्सना विश्रांतीचा एकही दिवस मिळाला नाही; मंगळवारी त्यांचा पहिल्या फेरीचा सामना मिलवॉकीत होता. ही फेरी तीनच सामन्यांची असते आणि सगळे सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होतात, त्यामुळे वेळापत्रक रविवारीच उतरवून घ्या.